पेटीतला पंतोजी

शिक्षकाची आता गरज उरणार नाही, हे भाकीत शिक्षणाच्या इतिहासात दर पंचवीस-तीस वर्षांनी नव्याने ऐकू येते. १९१३ साली एडिसनने सांगितले की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि त्यांची जागा चलच्चित्रपट घेईल. पुढे नभोवाणी आली, दूरदर्शन आले, संगणक आला. आणि आता तर प्रश्न विचारताच मराठीत उत्तर लिहून देणारी यंत्रे खिशात येऊन बसली आहेत. प्रत्येक वेळी भाकीत तेच, यंत्र तेवढे निराळे. मी हयातभर खडू हातात धरलेला माणूस आहे. तेव्हा या विषयावरचे माझे मत एकतर्फी असेल, अशी शंका वाचकांनी जरूर घ्यावी. म्हणूनच मत बाजूला ठेवून मी इतिहास सांगणार आहे. संगणकाच्या मदतीने माणसे कुठे शिकली, कुठे शिकली नाहीत आणि का, याचा साठ-सत्तर वर्षांचा पुरावा आता आपल्या हाती आहे. त्यातला एक फार मोलाचा पुरावा तर आपल्या बडोद्याचा आहे.

पण संगणकाकडे जाण्यापूर्वी पंतोजींच्या शाळेत डोकावले पाहिजे. कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळाच्या सभामंडपात भरणारी ती शाळा. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवायची, मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. छडी होती, अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी होती, आणि गावातल्या बहुसंख्य मुलांना, मुलींना तर जवळजवळ नाहीच, तिथे जागा नव्हती. तरी त्या शाळेच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे तिथे इयत्ता नव्हती. ज्याचे पाढे पक्के झाले तो पावकीला लागला. ज्याचे झाले नाहीत तो पाढ्यांवरच राहिला, मग त्याचे वय काही असो. दुसरी गोष्ट अशी की चूक झाली तर ती तिथल्या तिथे कळे. कधी पंतोजींच्या छडीने, कधी शेजारच्या मोठ्या मुलाच्या कोपरखळीने. थोरल्याने धाकट्याला शिकवावे हा तिथला रिवाजच होता.

देशी शाळेची ही रीत साहेबालाही मोहून गेली. मद्रासच्या लष्करी अनाथालयाची व्यवस्था १७८९ साली हाती घेणारा स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल याने दक्षिणेकडल्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. ती युक्ती त्याने आपल्या अनाथालयात आणली आणि मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली. १७९७ साली लंडनला त्याने आपला अहवाल छापला, आणि 'मद्रास पद्धत' या नावाने ती इंग्लंडभर गेली. गंमत अशी की पुढे इंग्रजी अमदानीत आपल्याकडे जी इयत्तांची शाळा रुजली, तिने या दोन्ही गोष्टी मोडीत काढल्या. एका खोलीत पन्नास मुले, सर्वांना एकच धडा, एकच वेग. चूक कळायची ती वह्या तपासून परत आल्यावर, म्हणजे मूल ते उदाहरण विसरून गेल्यावर.

नेमकी हीच गोष्ट १९५३ साली अमेरिकेत एका बापाच्या डोळ्यांत सलली. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले होते. गणिताचा तास चालू होता. आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हते. आणि ज्याचे झाले तो कंटाळून बसला होता, ज्याला येत नव्हते तो गोंधळून. स्किनर घरी गेले आणि यंत्र बनवण्याच्या मागे लागले. १९५४ साली त्यांनी ते लोकांपुढे मांडले. लाकडी पेटी, तिच्या खिडकीत एक उदाहरण, मुलाने सरकपट्ट्या सरकवून उत्तर जुळवायचे. उत्तर बरोबर असेल तरच पुढचे उदाहरण खिडकीत येई. असे यंत्र करणारे स्किनर पहिले नव्हेत. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या सिडनी प्रेसी यांनी १९२६ सालीच अशा एका यंत्राविषयी लिहिले होते. पण जागतिक मंदीच्या काळात, शिक्षकच बेकार हिंडत असताना, शिकवणारे यंत्र विकत कोण घेणार?

स्किनरच्या पेटीत वीज नव्हती की संगणक नव्हता. तरीही पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज तिच्यात आहे. आपापल्या वेगाने जाणे आणि चूक तत्काळ कळणे, म्हणजे पंतोजींच्या शाळेतल्या त्याच दोन गोष्टी, छडी वजा करून. तिसरी मात्र पेटीत नव्हती. मूल का चुकले हे तिला विचारता येत नव्हते.

संगणकाने या पेटीची जागा घेतली ती १९६० साली. इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड बिट्झर नावाच्या तरुण अभियंत्याने विद्यापीठाच्या 'इलियाक' या अगडबंब संगणकाला दूरचित्रवाणीचा पडदा आणि काही कळा जोडल्या, आणि एका वेळी एका विद्यार्थ्याला धडा देणारी व्यवस्था उभी केली. तिचे नाव 'प्लेटो'. १९६७ साली पॉल टेन्झार यांनी 'ट्यूटर' ही संगणकभाषा तयार केली, त्यामुळे शिक्षकांना स्वतःच धडे रचता येऊ लागले. १९७२ साली प्लेटोची चौथी आवृत्ती आली. तिचा पडदा नारिंगी उजेडाचा आणि बोट लावले की ओळखणारा होता. हा सपाट पडदा खास या शिक्षणासाठीच बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली शोधून काढला होता. रसायनशास्त्रापासून लॅटिनपर्यंतचे धडे त्यावर होते.

पण प्लेटोवर एक अनपेक्षित प्रकार घडला. १९७३ साली त्यावर टिपणे लिहून ठेवण्याची आणि एकमेकांशी तत्काळ लिहून बोलण्याची सोय झाली. धड्यांसाठी बांधलेल्या यंत्रावर माणसे एकमेकांना गाठू लागली. अडलेले उदाहरण विचारू लागली, वाद घालू लागली, खेळू लागली. यंत्राशी बोलायला आलेला विद्यार्थी यंत्रातून दुसऱ्या माणसाशी बोलू लागला. प्लेटोच्या कर्त्यांनी हे योजले नव्हते. शिकणाऱ्यांना मात्र ते हवे होते.

याच सुमारास दुसऱ्या किनाऱ्यावर, स्टॅनफर्ड विद्यापीठात, पॅट्रिक सूपीज हे तत्त्वज्ञ शाळकरी मुलांना टेलिफोनच्या तारेने जोडलेल्या टंकयंत्रावर अंकगणिताचा सराव देत होते. आज मुलाने किती उत्तरे बरोबर दिली यावरून उद्याची उदाहरणे सोपी द्यायची की अवघड, हे संगणक ठरवी. १९६६ साली एका विज्ञानमासिकात सूपीज यांनी लिहिले की मॅसिडोनियाच्या फिलिपच्या राजपुत्राला, म्हणजे अलेक्झांडरला, अ‍ॅरिस्टॉटलसारखा गुरू मिळाला हे राजघराण्याचे भाग्य होते. थोड्याच वर्षांत असा गुरू लाखो मुलांना मिळेल. एकाने यंत्राला प्लेटो नाव दिले, दुसऱ्याने त्याच्याकडून अ‍ॅरिस्टॉटलची अपेक्षा केली! विनोद सोडला तरी या वाक्यामागची तळमळ खरी आहे. सूपीज यांचे यंत्र श्रीमंतांच्या शाळेपुरते नव्हते. १९६६ साली ते ईस्ट पालो आल्टो या गरीब वस्तीतल्या ब्रेंटवुड शाळेत बसवले गेले. शिकवणी परवडत नाही अशा मुलाला शिकवणी मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. आपल्यापैकी कुणाला तो परका वाटू नये.

या सर्वांना उलटा प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे सीमोर पॅपर्ट. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, १९२८ सालचा. जिनिव्हाला झाँ पियाजे यांच्याजवळ काही वर्षे राहून, मूल विचार कसे करते हे पाहून आलेले गणिती. त्यांचा सवाल असा की संगणकाने मुलाला चालवायचे की मुलाने संगणकाला? १९६७ साली वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. थोड्याच काळात तिच्या हुकमाने जमिनीवर चालणारे एक यांत्रिक कासव आले आणि मग ते पडद्यावर गेले. पुढे शंभर पावले जा, उजवीकडे नव्वद अंश वळ, हे चार वेळा कर, असे सांगितले की चौकोन तयार. त्रिकोण काढताना मूल साठ अंश वळायला सांगते आणि कासव भलतीकडेच जाते. मग मूल स्वतः उठून कासवासारखे चालून पाहते आणि वळायचे ते एकशे वीस अंश, हे त्याच्या पायांना कळते. चूक हा गुन्हा न राहता शोधून दुरुस्त करायची गोष्ट होते. माझ्या मते पॅपर्ट यांची सर्वांत मोठी देणगी हीच. १९८० साली त्यांचे 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक आले आणि लोगो देशोदेशींच्या शाळांत गेली.

परंतु १९८० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट महाविद्यालयातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांची परीक्षा घेतली. लोगोमुळे मुले इतर कामांचीही आखणी नीट करू लागतील, अशी अपेक्षा होती. लोगो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत तसा फरक आढळला नाही. पॅपर्ट यांचे टीकाकार खूश झाले. पण १९८८ साली डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. लोगोतली चूक कशी शोधायची हे शिक्षकाने पायरीपायरीने, मुद्दाम शिकवले, तर तीच मुले संगणकाबाहेरही, कुणी दिलेल्या चुकीच्या सूचना दुरुस्त करताना, ते कौशल्य वापरतात. यंत्र तेच, भाषा तीच. फरक होता तो बाजूला बसून शिकवणाऱ्या माणसाचा.

आता आपल्याकडे वळू. भारतात शालेय संगणकाचा पहिला मोठा प्रयोग १९८४ साली सुरू झाला. 'क्लास' या नावाची ती केंद्र सरकारची योजना. आरंभी देशातल्या सुमारे अडीचशे शाळा, आणि 'बीबीसी मायक्रो' हा ब्रिटिश बनावटीचा संगणक. त्याची स्मृती बत्तीस किलोबाइटची होती. आज फोनवर काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. पण अडचण स्मृतीची नव्हती. मराठी शाळेतल्या मुलाने कळफलकावर बोटे ठेवावीत तर सारी अक्षरे रोमन, सारे हुकूम इंग्रजी. पॅपर्टचे कासव अमेरिकन मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलत होते. आपल्या मुलाला आधी साहेबाची भाषा आणि मग संगणक, अशा दोन भिंती चढायच्या होत्या.

यातली एक भिंत पाडण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाले. कानपूरला १९८३ साली देवनागरीत काम करणारा संगणक तयार झाला. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने त्या तंत्रावरचे 'जिस्ट' कार्ड बाजारात आणले. ते संगणकात बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे राष्ट्रीय मानक ठरले, आणि त्याच साली 'युनिकोड' या जागतिक मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. ही माणसे शिक्षक नव्हती. पण मराठी मुलाच्या संगणकशिक्षणाचा इतिहास लिहायचा तर त्यांना वगळून चालणार नाही.

२६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात एक निराळाच प्रयोग झाला. एनआयआयटी या संस्थेतील सुगत मित्रा यांनी कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून, पलीकडच्या झोपडपट्टीच्या बाजूला संगणक बसवला आणि कुणालाही काहीही न शिकवता सोडून दिला. इंग्रजी न येणारी मुले जमली, ढकलाढकली झाली, आणि थोड्याच वेळात ती पडद्यावर इकडेतिकडे फिरू लागली. पडद्यावरच्या बाणाला ती 'सुई' म्हणत आणि संगणक थांबला की दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. ज्याला नाव माहीत नाही त्याला आपल्या घरातले नाव द्यायचे, ही शिकण्याची किती जुनी रीत! पुढे ग्वाल्हेरकडल्या शिवपुरीला आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या गावांतही असे संगणक बसवले गेले. मुले एकमेकांच्या खांद्यावरून पाहत, एकमेकांना सांगत संगणक चालवायला शिकली. इथपर्यंतचे श्रेय त्या प्रयोगाला दिलेच पाहिजे.

पण चालवणे वेगळे आणि त्यावर गणित शिकणे वेगळे. शिवाय भोक पाडणारा निघून गेल्यावर काय? पायल अरोरा या अभ्यासक हिमालयातल्या अलमोडा भागात गेल्या, तेव्हा अशा पेट्या बंद पडलेल्या आणि लोकांच्या विस्मरणात गेलेल्या त्यांना आढळल्या. त्यांचा लेख २०१० साली प्रसिद्ध झाला. २०१३ साली मित्रा यांना जगप्रसिद्ध 'टेड' पारितोषिक मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि इतिहासाने दोन्ही नोंदवायच्या असतात.

आता बडोदे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, हे वाचकांना सांगायला नको. त्याच बडोदे शहरातल्या शंभरएक नगरपालिका शाळांना २००० साली गुजरात सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले. २००२ च्या जूनमध्ये 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली, तेव्हा प्राथमिक वर्गातल्या फारच थोड्या मुलांचा हात त्यांना लागला होता. काही शाळांत तर संगणक आले त्या खोक्यांतच होते, कारण ते चालवणारे कुणी नव्हते.

'प्रथम'ने तेव्हा काय केले ते नीट पाहिले पाहिजे. तिने त्याच वस्त्यांतली काही माणसे निवडली आणि त्यांना पाच दिवसांचे शिक्षण दिले. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, असे बसवले. एक तास शाळेच्या वेळात, एक शाळेआधी वा नंतर. पडद्यावर गणिताचे खेळ असत. शेजारच्या माणसाने गणित शिकवायचे नाही. मूल कुठे अडले ते पाहायचे, खेळात काय करायचे ते समजावून द्यायचे, आणि ज्याला सोपे जाते त्याला अवघड खेळाकडे न्यायचे. निम्म्या शाळांत हा उपक्रम चालला, निम्म्या शाळांशी तुलना झाली. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी त्याचे मोजमाप केले आणि ते २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापैकी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली नोबेल मिळाले. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातला फायदा संख्याशास्त्राच्या मापाने ०.४७ प्रमाण विचलन इतका निघाला. सोप्या भाषेत सांगायचे तर शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर उभे असलेले मूल अठरा जागा पुढे सरकले. शिक्षणात एवढा फरक क्वचित दिसतो.

त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या सहसा कुणी सांगत नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा मोजले तेव्हा फायद्याचा बराचसा भाग ओसरला होता. उरला होता सुमारे ०.१. खतपाणी थांबले की रोप जसे सुकते, तसेच हे. दुसरी गोष्ट अशी की 'प्रथम'ने बडोदे आणि मुंबई येथे आणखी एक साधा प्रयोग केला होता. वस्तीतलीच शिकलेली एखादी मुलगी 'बालसखी' म्हणून नेमायची आणि मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना तिने रोज दोन तास शिकवायचे. दुसऱ्या वर्षी तिचा फायदा ०.२८ निघाला, म्हणजे संगणकापेक्षा कमी. पण वर्षाला दर मुलामागे खर्च संगणकाचा पंधरा डॉलर आणि बालसखीचा सव्वादोन. पैशाच्या हिशेबाने बालसखीने संगणकाला केव्हाच मागे टाकले!

लिंडन यांनी पुढे गुजरातेतल्याच 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या वर्गांत मोजमाप केले. ते २००८ साली बाहेर आले. हे वर्ग मुळातच चांगले चालत. जिथे शाळेनंतरचा जादा तास म्हणून संगणक दिला तिथे मुलांचा फायदा झाला. जिथे वर्गातली शिकवणी काढून त्या जागी संगणक बसवला, तिथे मुले मागे पडली. चांगल्या शिकवणीत भर घालणारा संगणक आणि तिची जागा बळकावणारा संगणक, या दोन भिन्न वस्तू आहेत. डबा तोच असला तरी.

इतके कळूनही जग पुन्हा डब्याच्याच मागे धावले. २००५ साली निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, दर मुलामागे एक. त्यामागची प्रेरणा पॅपर्ट यांचीच. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेतही ते हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट पडली. पेरू देशाने ते लाखांनी घेतले. तिथल्या तीनशे एकोणीस खेडेशाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला; गणित आणि भाषा यांत लॅपटॉपवाल्या मुलांची प्रगती इतरांहून वेगळी दिसली नाही. लॅपटॉप घरी आले होते. त्यावर काय आणि कसे शिकायचे हे सांगणारे कुणी आले नव्हते.

मग यंत्र अगदीच कुचकामी म्हणायचे काय? मुळीच नाही. २०१५ साली दिल्लीत 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणकीय शिकवणीचा अभ्यास झाला. त्यात दिसले की सहावीतले सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होते. वर्गात शिक्षक सहावीचे शिकवतात, मूल चौथीच्याही अलीकडे उभे. अशा वर्गात मूल रोज हजर असूनही रोज गैरहजरच. हा संगणक आधी मुलाची खरी पायरी शोधी आणि तिथून शिकवू लागे. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतका फायदा झाला. या केंद्रांत निम्मा वेळ संगणकासमोर आणि निम्मा वेळ माणसासमोर जाई. तरी फायद्याचा मोठा वाटा यंत्राचाच, असे अभ्यासकांचे मत आहे, आणि ते नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. एका खोलीतल्या चाळीस मुलांच्या चाळीस पायऱ्या एकाच वेळी सांभाळणे कोणत्याही शिक्षकाला अवघड आहे. ते यंत्राला जमते. पंतोजींच्या शाळेतली हरवलेली पहिली गोष्ट यंत्राने परत आणली, ती अशी.

२०२० साली शाळा बंद पडल्या आणि सारा देश एकदम फोनवर शिकू लागला. 'असर' या पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. म्हणजे डबा घरोघर पोचण्याचा प्रश्न आपल्या डोळ्यांदेखत सुटत चालला आहे. आता तर सूपीज यांचा अ‍ॅरिस्टॉटल खरोखरच दाराशी आल्यासारखा वाटतो. विचारावे ते सांगणारी, न कंटाळणारी, मराठी समजणारी यंत्रे आली आहेत. त्यांना मुलाची चूक का झाली हेही काही प्रमाणात विचारता येते. पण जे मूल विचारतच नाही, ज्याला आपल्याला काय येत नाही हेच ठाऊक नाही, त्याच्या पाठीवर हात ठेवून 'बस, पुन्हा कर' असे कोण म्हणणार?

हा प्रश्न आपल्या सीमाभागात अधिक टोकदार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतली पटाची चिंता, एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असण्याचे प्रकार, हे या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे. अशा शाळेला संगणक भेट देण्याचे समारंभ आपण करतो. हार, नारळ, छायाचित्र, सारे यथासांग होते. पण बडोद्याचा दाखला सांगतो की ती शाळेची सुरुवातसुद्धा नव्हे. तिथले संगणक खोक्यांतून बाहेर आले ते कुणी पाच दिवस शिकून शेजारी बसायला तयार झाले तेव्हा. दुसरे असे की इथल्या मुलांची पुस्तके कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची, पण मराठीत. त्या क्रमाला आणि त्या मुलांच्या बोलीला जुळणारे गणिताचे खेळ, भाषेचे खेळ कोण रचणार? ते ना बंगळूर आपण होऊन करील, ना पुणे. प्लेटोच्या काळात 'ट्यूटर'ने शिक्षकाच्या हाती लेखणी दिली होती. आज तशी साधने कितीतरी सोपी झाली आहेत. हे काम इथल्याच शिक्षकांनी हाती घ्यायचे आहे.

आपल्या गावोगावी वाचनालये आहेत, तरुण मंडळे आहेत, बारावी होऊन पुढच्या वाटेची वाट पाहणाऱ्या मुली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. एक वाचनालय, चार जुने संगणक, दोन बालसख्या आणि आठवड्याचे दोन तास, एवढ्यावर चौथीच्या वर्गाचे गणित बदलू शकते, हे अनुमान नव्हे, मोजून पाहिलेली गोष्ट आहे. मात्र ते दोन तास वर्षानुवर्षे द्यावे लागतील, कारण थांबले की फायदा ओसरतो हेही मोजून पाहिलेले आहे. संगणक देणारे दाते आपल्याकडे पुष्कळ निघाले आणि यापुढेही निघतील. आपल्याला आता गरज आहे ती त्याच्या शेजारी बाक ओढून बसणाऱ्यांची.